कागदाच्या घडीवरच्या कवितेचा खर्डा वाचताना: नव्याने अभिप्राय देणाऱ्यांसाठी

ओळखीतल्या कुणी कवितेचा खर्डा हातात दिला आणि "जरा वाचून सांगा" म्हटलं की बहुतेकांची गाडी दोन शब्दांवर अडते: "छान आहे." कवीला त्याचा काही उपयोग होत नाही. विषय कागदाच्या घडीचा असेल, म्हणजे होडी, विमान, ओरिगामीचा पक्षी किंवा पाकिटात सरकवलेलं पत्र, तर तुमच्या हातात एक मोठी सोय असते. ही कविता तपासून बघता येते. विरहाची कविता खरी आहे का, हे टेबलावर मांडून पाहता येत नाही. घडीची कविता मात्र कागद घेऊन ओळीओळीने घालून बघता येते, आणि तिथेच बहुतेक खर्ड्यांमधली कमकुवत जागा सापडते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा हाताने करायच्या तपासणीला दिली आहे.

काय काय लागेल

- कवितेच्या दोन छापील प्रती. दोन ओळींमध्ये भरपूर जागा आणि उजवीकडे रुंद समास ठेवा. एक प्रत खुणांसाठी, एक कोरी.
- पेन्सिल. पेन नको, कारण पहिल्या वाचनातलं मत तिसऱ्या वाचनात बदलतं.
- झेरॉक्सचे चार-पाच ए-४ कागद, वर्तमानपत्राचं एक पान आणि साधारण १५ ते २१ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस कागद. चौरस विकत आणायची गरज नाही. ए-४चा एक कोपरा तिरका दुमडून कड कडेला जुळवा, उरलेली पट्टी कापा, २१ सेंटिमीटरचा चौरस मिळेल.
- पाऊण तास, सलग.

घडीकाम अजिबात येत नसेल तर अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांच्या पुस्तिका आणि चित्रफिती बघा. मराठीतही आहेत, फुकट आहेत आणि मुलांसाठी केलेल्या असल्यामुळे एकेक पायरी स्वच्छ दिसते.

१. वाचण्याआधी कवीला तीन गोष्टी विचारा

खर्डा कितवा आहे? कविता कशासाठी आहे? आणि नेमकं कशावर बोलायला हवं आहे?

पहिल्याच खर्ड्यावर यमकाची चिरफाड केली तर कवी पुढे लिहीतच नाही. पाचव्या खर्ड्यावर "विषयच बदला" म्हणणंही तितकंच निरुपयोगी. मुलांच्या मासिकासाठी लिहिलेल्या कवितेत पायऱ्या चोख हव्यात, कारण मूल ती वाचताना खरोखर कागद घेऊन बसेल. दिवाळी अंकासाठीच्या मुक्तछंदात एखादी पायरी गाळली तरी चालते, पण का गाळली हे कवितेने जाणलेलं असावं. कवी "काहीही सांगा" म्हणाला, तर "कुठल्या ओळीबद्दल तुम्हाला स्वतःलाच खात्री नाही?" असं विचारा. उत्तर जवळजवळ नेहमी येतं, आणि निम्मं काम तिथेच होतं.

२. दोन वाचनं, पेन्सिल न उचलता

पहिलं मनात, दुसरं मोठ्याने. मोठ्याने वाचताना जीभ कुठे अडली तेवढं लक्षात ठेवा, कारण शोधू नका. कविता कवीच्या तोंडून आधी ऐकली असेल तरी हे वाचन तुम्हीच करा. कवी स्वतः वाचतो तेव्हा ओळीतली उणीव आवाजाने भरून काढतो.

३. कवितेतली घडी स्वतः घाला

आता तिसरं वाचन, कागद हातात घेऊन. कविता सांगते तेवढंच करायचं. तिने न सांगितलेली घडी घालायची नाही, मग ती तुम्हाला लहानपणापासून पाठ का असेना. कागद जिथे थांबतो, तिथे समासात फुली मारा.

नमुन्यासाठी एक खर्डा घेऊ. तो या लेखासाठीच लिहिला आहे आणि नवख्या अष्टाक्षरीत, म्हणजे ओळीला आठ अक्षरं असलेल्या छंदात, जे सर्रास आढळतं ते त्यात मुद्दाम ठेवलं आहे:

पान वहीचे फाडून
घडी आडवी घातली
दोन कोपरे जुळता
होडी तयार जाहली

सोडली मी पावसात
वाहत गेली दूरवर
आयुष्याच्या घडीसम
सुरकुत्या अंगावर

ए-४ कागद उभा धरा आणि ओळींप्रमाणे चला. आडवी घडी घातली: कागद आता २१० मिलिमीटर रुंद आणि साधारण १४८ मिलिमीटर उंच, बंद कड वर. दोन कोपरे मधल्या रेषेवर आणून जुळवले: वर त्रिकोण झाला, खाली साडेचार सेंटिमीटरला थोडी कमी अशी पट्टी उरली. इथे कविता म्हणते, होडी तयार. तुमच्या हातात मात्र होडी नाही. अजून टोपीसुद्धा झालेली नाही.

खरा क्रम पुढे असा आहे. पुढची पट्टी पुढून वर, मागची मागून वर दुमडली की टोपी होते. टोपी खालून उघडून, पुढची आणि मागची बाजू ओढून चपटी केली की चौकोन बनतो. पट्ट्यांची टोकं एकमेकांत खोचायची. खालचं टोक पुढून वर, दुसरं मागून वर नेलं की पुन्हा छोटी टोपी. ती पुन्हा पोटातून उघडून चपटी करायची. मग वरची दोन सुटी टोकं धरून हळूच बाजूला ओढली की होडी उघडते आणि मधला त्रिकोण शिडासारखा उभा राहतो.

हे सगळं कवितेत यायलाच हवं असं नाही. आठ ओळींत आठ पायऱ्या कोंबल्या तर ते पत्रक होईल. पण अभिप्राय देणाऱ्याला क्रम माहीत असला की कवितेने काय सोडून दिलं ते दिसतं. या खर्ड्याने सोडलेली गोष्ट मोठी आहे: होडी होण्याआधी तो कागद दोनदा टोपी होतो, आणि दोन्ही वेळा ती टोपी पोटातून उघडावी लागते. कवीच्या हातांना हे ठाऊक आहे, ओळींना अजून नाही. "तिसरी-चौथी ओळ घाईची वाटते" या वाक्याने कवी गोंधळात पडतो. "इथे टोपी गायब आहे" असं सांगितलं की त्याला पुढचा खर्डा दिसायला लागतो.

करून बघताना आणखी एक शोध लागतो. पहिली ओळ "फाडून" म्हणते. वहीतून फाडलेल्या पानाची एक कड दातेरी असते आणि आडव्या घडीनंतर ती होडीच्या एका टोकाकडे जाते. पुढच्या सात ओळींत तिचा पत्ता नाही. अशी सुरू होऊन हरवलेली गोष्ट सापडली की ती अभिप्रायात सगळ्यात आधी लिहा. दोष सांगण्यापेक्षा ती जास्त कामाची असते.

कागदाच्या आकाराकडेही लक्ष द्या. "चौरस कागद घेतला, होडी केली" अशी ओळ बऱ्याच खर्ड्यांत असते. वरच्या पद्धतीची होडी चौरसाची होत नाही. चौरस अर्धा करून कोपरे मधोमध आणले की त्रिकोण सगळी उंची खाऊन टाकतो, खाली पट्टी उरतच नाही, आणि पट्टीशिवाय टोपी नाही. याउलट ओरिगामीचे पारंपरिक पक्षी चौरसापासूनच सुरू होतात. तिथे "वहीचं पान" असेल तर आधी पट्टी काढून टाकण्याची कृती कुठेतरी हवी.

४. घडीच्या कवितांमधले नेहमीचे घोटाळे

"शंभरदा दुमडला कागद." वेगवेगळ्या जागी शंभर घड्या घालता येतात, गुंतागुंतीच्या नमुन्यांत त्याहून जास्त असतात. पण ओळीचा रोख दरवेळी अर्धा करण्याकडे असेल तर प्रकरण सातव्या घडीच्या आसपास संपतं. थर दरवेळी दुप्पट होतात. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड धरला तर सात घड्यांनंतर १२८ थर होतात. ए-४चा तुकडा जेमतेम २६ बाय १९ मिलिमीटरचा राहतो आणि जाडी तेरा मिलिमीटरच्या आसपास जाते. २००२ साली अमेरिकेत ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने सुमारे १,२०० मीटर लांब टॉयलेट पेपर एकाच दिशेने बारा वेळा अर्धा करून दाखवला. म्हणून "कागद शंभरदा अर्धा केला" ही ओळ वाचून जाणकार वाचक थांबतो. कवीला फक्त विचारा: शंभर ठिकाणी की शंभरदा अर्धा?

"जितके डोंगर तितक्या दऱ्या." कागद उलगडला की काही घड्या वर आलेल्या दिसतात, काही आत गेलेल्या. ओरिगामीच्या आकृत्यांत आत जाणाऱ्या घडीसाठी तुटक रेघ आणि वर येणाऱ्या घडीसाठी रेघ-टिंब अशी खूण असते. जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांनी रुजवलेल्या चिन्हपद्धतीतून ही रीत जगभर गेली. कवींना डोंगर आणि दरी ही जोडी आवडते आणि ते दोन्ही सारख्या संख्येने मोजतात. एखादा कागद अर्धा करा, आडवा फिरवून पुन्हा अर्धा करा, उलगडा. मधल्या बिंदूपाशी चार घड्या भेटतात: तीन एका जातीच्या, एक दुसऱ्या. सपाट मिटणाऱ्या कुठल्याही घडीकामात कागदाच्या आतल्या एका बिंदूपाशी दोन्ही जातींमधला फरक नेमका दोनचा असतो. जपानी ओरिगामी अभ्यासक जून माएकावा यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. समसमान सुखदुःखाची ओळ कागदाच्या साक्षीने लिहिली असेल तर साक्ष उलटी पडते. आणि हे कवीला सांगणं म्हणजे त्याला भेट देणं आहे. बेरीज जुळत नाही, हीच कदाचित जास्त चांगली कविता असेल.

"शेपूट ओढली, पंख फडफडले." असा पक्षी आहे. पण हजारांच्या माळेत ओवतात तो, हिरोशिमाच्या आठवणीशी जोडलेला जपानी क्रौंच वेगळा. दोघांच्या सुरुवातीच्या घड्या सारख्याच असतात. क्रौंचाची शेपूट ओढली तर पंख हलत नाहीत, घडी तेवढी सैल होते. कविता हिरोशिमाबद्दल असेल आणि पक्षी पंख हलवत असेल तर एवढीच दुरुस्ती सुचवा.

पक्ष्याच्या नावाचंही बघा. "बगळा" लिहिला की मराठी वाचकाला शेतातला, म्हशीच्या पाठीवरचा पांढरा पक्षी दिसतो. "क्रौंच" लिहिला की वाल्मीकी आणि तो बाण आपोआप आठवतो. हिरोशिमाच्या कवितेत ती आठवण जागीच बसते. वाढदिवसाच्या सजावटीच्या कवितेत नाही. कुठला शब्द घ्यायचा हे कवी ठरवेल. कुठल्या शब्दामागून काय येतं, तेवढं तुम्ही सांगा.

सादाको सासाकी. आजारपणात हजार कागदी क्रौंच घडायला बसलेली हिरोशिमाची ही मुलगी घडीवरच्या कवितांमध्ये वारंवार येते, आणि तिच्याबाबत चूक झाली तर ती नुसती तांत्रिक राहत नाही. ती १९४३ची. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी रक्ताच्या कर्करोगाने गेली. दवाखान्यात मिळेल तो कागद ती वापरायची, औषधांच्या पुड्यांचेही. हिरोशिमाच्या शांतता उद्यानातलं मुलांचं स्मारक १९५८चं. "६४४ पक्षी झाले आणि हात थांबले, उरलेले मैत्रिणींनी केले" ही गोष्ट फार पसरलेली आहे. तिच्या कुटुंबीयांचं आणि तिथल्या संग्रहालयाचं सांगणं असं, की हजार पूर्ण करून ती पुढेही घडत राहिली. ज्या कवितेचा सगळा भार "अपुरे राहिलेले पक्षी" यावर असेल तिथे हे सांगावंच लागतं, आणि ते हळुवारपणे, समोरासमोर सांगा.

"भिजला कागद, घडी मोडली." वहीच्या पातळ कागदाबाबत खरं. जाड, खळ असलेल्या कागदाबाबत उलटं घडतं: तो किंचित ओलसर करून वळवला आणि वाळू दिला की वळण पक्कं बसतं. योशिझावांनी ही रीत प्रसिद्ध केली. कुठला कागद, हे कवितेत एका शब्दानेही आलं तरी पुरतं.

एवढं तपासल्यावर एक चाळणी लावा, नाहीतर तुम्ही कवितेचे पंचनामे करत बसाल. वस्तुस्थिती दुरुस्त केली तर पुढची ओळ बदलेल का? बदलणार असेल तर मुद्दा लिहा. नसेल तर सोडून द्या. आणि कवितेने जाणूनबुजून अशक्य गोष्ट केली असेल, आठव्या घडीला कागद नाहीसा झाला असेल, तर ती चूक नव्हे. अशक्य गोष्टीआधीच्या सात घड्या मात्र चोख हव्यात, तरच आठवी अंगावर येते.

५. हाताचे शब्द तपासा

मराठीत कागद-कापडाच्या हालचालींना बारीक फरकाचे शब्द आहेत, आणि खर्ड्यात बहुतेक वेळा सगळ्यांच्या जागी एकच "दुमडणे" येतं. प्रत्येक क्रियापदाला गोल करा आणि हात तेच करतोय का ते बघा.

दुमडणं म्हणजे एक भाग दुसऱ्यावर आणणं. मुडपणं म्हणजे कड थोडीशी आत वळवणं, पदराची किंवा पाकिटाच्या तोंडाची. चुण्या म्हणजे लागोपाठ उलटसुलट घड्या. कागदी पंख्याला चुण्या असतात. खोचणं वेगळं, टोपीच्या पट्टीचं टोक खोचतात, दुमडत नाहीत. चुरगळणं मुठीने होतं. आणि सुरकुती कुणी घालत नाही, ती पडते.

नमुन्यातली शेवटची ओळ याच कारणाने ढिली आहे. उलगडलेल्या होडीवर सुरकुत्या नसतात, नखाने दाबलेल्या सरळ रेघा असतात. कवीला म्हातारा हात दाखवायचा असेल तर सुरकुती बरोबर आहे, पण मग कागद आणि कातडी यांच्यामधली एक पायरी हवी. कागदच दाखवायचा असेल तर शब्द चुकला आहे. दोन्ही शक्यता मांडा, निवड करू नका.

कागदाचा आवाज आणि अंग हेही शब्दांतच तपासायचं असतं. वर्तमानपत्राचं पान एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वाकडंतिकडं, कारण कागदाचे तंतू बहुतांशी एका दिशेने बसलेले असतात. घडीचंही तसंच: तंतूंच्या दिशेने घातली तर गुळगुळीत, आडवी घातली तर जाड कागदाची कड तडकल्यासारखी दिसते. "घडी नीट बसेना" अशी ओळ असेल तर कवीकडे हे कारण तयार आहे, त्याला ते माहीत नसेल एवढंच.

६. रचना मोजा

कविता छंदात आहे की मुक्त, हे आधी ठरवा. मुक्तछंदाला छंदाची पट्टी लावणं हा नवख्यांचा अन्याय असतो.

अष्टाक्षरी असेल तर अक्षरं बोटांवर मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. नमुन्यात "वाहत गेली दूरवर" इथे नऊ भरतात: वा, ह, त, गे, ली, दू, र, व, र. मोठ्याने वाचताना जीभ इथेच अडली असणार. "जाहली" हा शब्द फक्त आठ भरायला आलेला आहे. आजच्या बोलीतल्या कवितेत असा एकच जुना शब्द एकटा पडतो, त्याला खूण करा.

मात्रावृत्तात ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन मात्रा. घडी तीन मात्रांची, होडी चार, कागद चार. तिथे ऱ्हस्व-दीर्घाची चूक म्हणजे तालाची चूक. अष्टाक्षरीत तसं नाही, म्हणून तिथे शुद्धलेखनाचे मुद्दे शेवटी, वेगळ्या कागदावर द्या. पहिल्या पानभर वेलांट्या दुरुस्त केल्या की कवी पुढचं वाचतच नाही.

यमक: घडी आणि होडी ही जोडी खर्ड्याखर्ड्यांत सापडते, आणि ती नीट जुळत नाही. दोन्हींत फक्त "डी" सारखी आहे, तिच्या आधीचा स्वर वेगळा. घडीला छडी, कडी, झडी, गडी जुळतात. होडीला जोडी, गोडी, थोडी. नमुन्यातल्या "घातली, जाहली" यांत तो स्वर जुळतो, पण "दूरवर, अंगावर" यांत "वर"ला "वर"च जुळवला आहे. सैल यमक मुद्दाम ठेवता येतं, पण मग ते सगळीकडे सैल असावं.

मुक्तछंदात ओळ कुठे तोडली ते बघा. घडीच्या कवितेत कवी ओळ मोडून कागद मोडल्याचा भास करू पाहतो. ओळ तोडलेल्या जागी कागद दुमडतोय की वाक्य आपलं मध्येच लटकतंय? शंका आली तर त्या दोन ओळी सलग लिहून वाचा. काहीच हरवलं नाही तर तोड फुकट गेली.

काही जण कविता मधोमध दुमडतात: पहिली ओळ शेवटी पुन्हा, दुसरी उपान्त्य जागी, असं. तपासायला कोरी प्रत घ्या आणि कवितेच्या बरोबर मध्यावर खरोखर दुमडा. जोडीच्या ओळी समोरासमोर आल्या पाहिजेत. ओळींची संख्या विषम असेल तर एक ओळ नेमकी घडीवर पडेल. तिला जोडी नाही, म्हणून ती परतही येत नाही. सगळा ताण तिच्यावर असतो, आणि खर्ड्यात बहुतेक वेळा तिथेच सगळ्यात निर्जीव ओळ असते. उलटं वाचताना अर्थ बदलतोय ना, हेही बघा. तीच ओळ त्याच अर्थाने परत आली तर वाचक अर्ध्यातच ओळखतो.

७. "आयुष्याची घडी" दिसली की थांबा

मराठीत घडी म्हणजे दुमडही आणि वेळही. संसाराची घडी बसते, विस्कटते. नव्या साडीची घडी मोडतात. इतके अर्थ भाषेत आयते असल्यामुळे कवी शेवटच्या कडव्यात तिकडे घसरतो, आणि कागद टेबलावरच राहून जातो. नमुन्यातली सातवी ओळ पाहा. तिच्याआधी होडी वाहत होती, तिच्यानंतर होडी राहिलीच नाही.

अभिप्रायात "रूपक जुनं आहे" असं लिहू नका. ती ओळ पट्टीने झाका आणि कविता पुन्हा वाचा. तिच्याशिवायही आयुष्य सुचतंय का? सुचत असेल तर कवीला तेवढंच कळवा: "सातवी ओळ झाकून वाचली, मला तरीही तेच जाणवलं." सुचत नसेल तर अडचण सातव्या ओळीत नाही, वरच्या सहांत आहे.

८. अभिप्राय लिहा: दीडशे-दोनशे शब्द, तीन मुद्दे

तीनपेक्षा जास्त मुद्दे दिले की कवी सगळ्यात सोपे दोन दुरुस्त करतो आणि अवघड राहून जातो. तुमच्याकडे दहा खुणा असतील, त्यातल्या तीन निवडणं हेच खरं काम. क्रम असा ठेवा: कवितेत काय घडतं ते तुमच्या शब्दांत, जिथे ती जिवंत झाली ती जागा, ओळीसकट, मग मुद्दे, शेवटी एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. सुरुवातीचा सारांश गाळू नका. तुम्ही वेगळंच काही वाचलं असेल तर कवीला ते पहिल्या दोन वाक्यांतच कळतं.

नमुन्याच्या खर्ड्यावर असं लिहिता येईल:

"कुणीतरी वहीचं पान फाडून होडी करतं, पावसात सोडतं, आणि जाणाऱ्या होडीत त्याला आयुष्य दिसतं, असं मी वाचलं. पहिल्या ओळीतलं 'फाडून' मनात राहिलं. त्या पानाची एक कड खडबडीत असणार, आणि ती पुढे कुठेतरी येईल म्हणून वाट पाहिली.

तिसऱ्या-चौथ्या ओळीत अडखळायला झालं. कागद घेऊन करून पाहिलं तर कोपरे जुळल्यावर होडी झाली नाही. आधी टोपी झाली, ती उघडावी लागली, तीही दोनदा. ही उघडझाप तुम्ही मुद्दाम गाळली आहे का?

सहाव्या ओळीत नऊ अक्षरं होतात, वाचताना ताल सुटला.

शेवटी 'सुरकुत्या' कागदावरच्या की हातावरच्या, ते कळलं नाही. होडी उलगडली तर मला सरळ रेघा दिसल्या.

एक विचारायचं होतं: त्या पानावर काय लिहिलेलं होतं?"

शेवटचा प्रश्न बघा. वहीचं पान कोरं क्वचितच असतं. बॉलपेनची अक्षरं पावसात टिकतील, शाईच्या पेनाची पसरतील. कवीने यावर काहीही ठरवलं तरी शेवटचं कडवं हलतं, आणि तुम्ही त्याच्या जागी एकही शब्द लिहिलेला नसतो.

९. हे करू नका

ओळ पुन्हा लिहून देऊ नका. तुमची ओळ चांगली असली तर अडचण जास्तच: कवी ती घेतो आणि कविता ठिगळ लावल्यासारखी दिसते. अगदीच समजावता येत नसेल तर विषय बदलून, विमानावरची एखादी ओळ उदाहरण म्हणून द्या.

"अजून खोली हवी", "भाव पोचला नाही", "अमुक कवींसारखं करा" ही वाक्यं टाळा. पहिल्या दोन वाक्यांत कवीला करण्यासारखं काही नसतं, आणि तिसऱ्याने त्याची कविता त्याच्याकडून काढून घेतली जाते.

दुःखाच्या कवितेत दुःखावर शेरा मारू नका. आईच्या कपाटातल्या घडी घातलेल्या कागदांवरची कविता असेल तर कागद, घडी, क्रम, शब्द यांवर बोला. आई कशी असायला हवी होती यावर नाही. आणि अशा कवितेवर चारचौघांत बोलायचं असेल तर कवीची परवानगी आधी घ्या.

घडीकामाचं ज्ञान ओतू नका. माएकावांचा नियम सांगायचा तो एखादी ओळ त्यावर उभी असेल तरच.

१०. दुसरा खर्डा आला की

जुना खर्डा बाजूला ठेवून नवा सलग वाचा. लगेच तुलना केली की तुम्ही आपले मुद्दे मानले का तेच शोधत बसता. कागद पुन्हा घ्या आणि पायऱ्या पुन्हा करा. दुरुस्ती करताना कवी बरेचदा एक घडी नीट करतो आणि तिच्या पुढची विसरतो. टोपी आली असेल, पण ती उघडलीच नसेल.

एखादा मुद्दा कवीने मानला नसेल तर एकदाच विचारा, ठरवून ठेवलं आहे का. "हो" म्हणाला तर विषय संपला. यमक, ताल, अक्षरसंख्या यांचे शिल्लक मुद्दे आता द्या, शुद्धलेखनाचा कागदही आताच. आणि पहिला खर्डा फाडू नका असं कवीला नक्की सांगा. तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी पहिल्यातली एखादी ओळ परत लागते.